सार्वजनिक शिक्षणाचा पाया कायद्याने घातला की लोकांनी?

धागाकर्ता: महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण संस्था काढणाऱ्यांची नावे आदराने घेतो, पण सरकारी तिजोरी कोणासाठी उघडली, हा प्रश्न मागे पडतो. शेतकऱ्याच्या साऱ्यातून जमलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे गाऱ्हाणे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे मांडले आणि निदान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठीचे १९११ चे विधेयक ब्रिटिश सरकारने पुढे जाऊ दिले नाही. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. मराठी मुलखात सार्वजनिक शिक्षणाची खरी सुरुवात मी तीच मानतो.

प्रतिसाद १: मला हे मान्य नाही. सक्तीच हवी असेल, तर सयाजीराव गायकवाडांनी ती बडोदा संस्थानातील अमरेली भागात १८९३ मध्येच आणली होती आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू केली. पण ज्या घरात गुरे राखायला दुसरे कोणी नाही, त्या घराला दंडाचा रुपया जड जातो आणि हुकमाने शिक्षक काही तयार होत नाही. फुल्यांच्या निवेदनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शिक्षकांविषयीचा आहे: शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, प्रशिक्षित आणि गरज पडल्यास नांगर धरू शकणारा असावा व त्याला किमान १२ रुपये पगार मिळावा. भाऊराव पाटलांनी नेमके तेच ओळखले. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. हे काम लोकांच्या धान्यावर आणि श्रमावर उभे राहिले.

धागाकर्ता: बडोद्याचा अग्रमान मला मान्य आहे आणि शिक्षकाचा मुद्दाही बिनतोड आहे. तरीही भाऊराव स्वतः शाहू महाराजांच्याच कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकले, हे विसरता येत नाही. शिवाय १९१९ मध्ये शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. लोकांनी चालवलेल्या शाळेला गावाची मर्जी सांभाळावी लागते, आणि त्या काळी बहुतेक गावांची मर्जी या मुलांना ओसरीवर किंवा बाहेर बसवण्याचीच होती. ती मोडायला राज्याचाच अधिकार लागला.