एकाच दिवशी निघालेली तीन शॅमेलिऑन पिल्लं, एक मागे पडलंय. काय करू?

धरमपेठ_गच्ची
नमस्कार मंडळी. माझ्याकडे व्हेल्ड शॅमेलिऑनची (रंग बदलणारा परदेशी सरडा) तीन पिल्लं आहेत. एकाच दिवशी अंड्यातून निघाली, आता साडेतीन महिन्यांची झाली. सरकारच्या परिवेश पोर्टलवर परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते, ती झालेली आहे. परवा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तर २४, २१ आणि १२ ग्रॅम! तिघं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात आहेत. उबेसाठी एक बल्ब, एक यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी), सकाळी रातकिडे सोडते. छोटं पिल्लू चार-पाच किडे खातं आणि पानांमागे जाऊन बसतं. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले, कॅल्शियम दुप्पट करा. करू का? जीव नुसता टांगणीला लागलाय.

कोराडी_रोड
ताई, ते मादी असेल. पूर्ण वाढ झाल्यावरही मादी नरापेक्षा बरीच लहान असते. मागच्या पायाची टाच बघा. व्हेल्डच्या नराला तिथे जन्मापासून बारीक काटा असतो, मादीला नसतो.

धरमपेठ_गच्ची
भिंग घेऊन पाहिलं दादा. छोट्याला काटा आहे! २१ ग्रॅमवालीलाच नाही. म्हणजे तीच मादी निघाली, आणि छोट्याचं कोडं तसंच राहिलं.

शेवग्याची_फांदी
मग आजच वेगळे करा. उद्यावर टाकू नका.

शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. पिल्लं मारामारी करताना दिसत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं गुण्यागोविंदाने राहतात. एक तासभर लांबून बघा नं: बल्बखालच्या फांदीवर कोण बसतं? बहुतेक मोठंच. सध्या नागपुरात पहाटे १० अंशांच्या आसपास पारा असतो. सकाळी ज्याला ऊब मिळाली त्याला भूक लागते, त्याचंच अन्न पचतं. धाकटा सावलीत गार बसतो, कमी खातो, खाल्लेलं हळू पचवतो. यूव्हीबीही त्याच्या वाट्याला कमी येतो. असा फरक दर आठवड्याला वाढतच जातो. नुसतं मोठं भावंड समोर दिसत राहिलं तरी तो दबतो, म्हणून पिंजऱ्यांच्या मध्ये पुठ्ठा किंवा दाट मनीप्लांट हवाच.

कॅल्शियम दुप्पट अजिबात करू नका. पोटात अन्नच जात नसेल तर भुकटी काय वाढवणार? डी-३ जीवनसत्त्व नसलेलं साधं कॅल्शियम रोज किड्यांवर हलकं भुरभुरायचं. डी-३ असलेलं महिन्यातून दोनदा, कारण ते जास्त झालं तर अपाय करतं.

किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. त्या रातकिड्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा खाऊ घाला, तेच पुढे पिल्लाच्या पोटात जातं. बल्बखाली २९-३० अंश पुरे. आणि पाणी! वाटीतलं ते सहसा पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणून थेंब-थेंब सोडा.

वजन दर रविवारी, सकाळी खाण्याआधी. भावंडाच्या आकड्याशी ताडू नका, त्याच्याच मागच्या रविवारशी ताडा. मादीला मात्र मोठी झाल्यावर भरमसाट खायला घालू नका. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, आणि जास्त खाणं म्हणजे जास्त अंडी. माझी एक मादी अंडी अडकून गेली. आजही ते आठवलं की पोटात तुटतं.

अंबाझरीकाठ
वरचं सगळं पटलं. त्यात एक भर: विष्ठेची तपासणी करून घ्या. पोटात जंत असले तर खाऊनही वजन धरत नाही. ताजा नमुना डबीत घालून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या आणि तिथे विचारा. विष्ठेतला पांढरा भाग केशरी दिसला तर पाणी कमी पडतंय.

हिवाळ्यातलं कोवळं ऊनही द्या, पण खिडकीच्या काचेआडून नको, काच यूव्हीबी अडवते. गच्चीवर अर्धा पिंजरा सावलीत ठेवा, आणि तुम्ही तिथेच बसा, कावळे आणि मांजरी असतात. मे महिन्यात मात्र गच्ची विसरा. ४५ अंशांत पिल्लू टिकणार नाही.

आणि कोणी आपल्याकडचा घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, जोडीला आणून देतो म्हणालं तर घेऊ नका. वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे.

धरमपेठ_गच्ची
पाच आठवड्यांनी लिहितेय. इतवारीतून जाळी आणून दोन पिंजरे घरीच बांधले, मध्ये पुठ्ठे लावले. विष्ठेत जंत निघाले, डॉक्टरांनी वजनावर मोजून औषध दिलं. आजची वजनं: ४१, ३३ आणि २७. छोटा आधी दिवसभर काळपट असायचा, आता सकाळी बल्बखाली पोपटी होऊन पसरतो. काल पहिल्यांदा माझ्या चिमट्यातून किडा घेतला.

शेवग्याची_फांदी, मादीला वाळूचा डबा कधीपासून ठेवू?

शेवग्याची_फांदी
वाचून फार बरं वाटलं ताई. पाचव्या महिन्यापासून ठेवा. ओलसर वाळू, किमान वीतभर खोल. आणि ती खणायला लागली की पिंजऱ्यावर चादर टाका. कोणी बघतंय असं वाटलं तर मध्येच थांबते.