परदेशी रंगमंचावर शेक्सपिअर: इंदूरकरांनो, अनुभव लिहा

इंदूरमध्ये नाटक करणारी आपली मुलं आता शिकायला आणि प्रयोग करायला बाहेर जातात. त्यातल्याच एकीला मी गळ घातली की सुरुवात तू कर. पुढे ज्यांनी तिकडे शेक्सपिअर केला, पाहिला किंवा त्यासाठी पडद्यामागे राबले, त्या सगळ्यांनी लिहावं. काम प्रत्यक्षात कसं उभं राहिलं, ते सविस्तर सांगा.

रामबागची

काका, आग्रहाबद्दल आभार. मी इंग्लंडमध्ये अभिनय शिकत असताना उन्हाळ्यात आम्ही 'ट्वेल्फ्थ नाइट' घेऊन गावोगाव फिरलो. तिकडे जुन्या वाड्यांच्या बागांत खेळ होतात. लोक सतरंज्या, घडीच्या खुर्च्या आणि डबे घेऊन येतात. पाऊस आला तर रेनकोट चढवतात, पण उठत नाहीत. मी व्हायोला होते. जहाज फुटल्यावर पुरुषवेष घेऊन ड्यूकच्या चाकरीत शिरते, ती.

सगळ्यात जास्त झगडले ते छंदाशी. तिचं बरंचसं बोलणं दहा अक्षरी ओळींत आहे. एक हलकं, एक जोरकस, अशा पाच जोड्या. आजीने लहानपणीच मनाचे श्लोक पाठ करून घेतलेले, त्यामुळे भुजंगप्रयाताचं लघु-गुरु-गुरु अंगात मुरलेलं. पण आपलं गुरु अक्षर म्हणजे उच्चाराला जास्त वेळ घेणारं. इंग्रजीत वजन ठरतं आघातावर, ऱ्हस्व स्वरही जोर पेलतो. आपली जीभ मात्र जोरकस अक्षर ताणायला जाते आणि ओळ गायल्यासारखी होते. आमच्या बाईंनी ओळी चालत म्हणायला लावल्या, जोराच्या अक्षराला पाऊल टेकवायचं. जिथे कवीने ताल मोडलाय तिथे पाऊल अडखळतं, आणि बहुतेक वेळा तिथेच पात्राच्या मनात काहीतरी हललेलं असतं. हे पायांना कळलं तेव्हा व्हायोला मला दिसायला लागली.

दुसऱ्या अंकात ऑलिव्हिया, म्हणजे ड्यूकचं जिच्यावर प्रेम आहे ती, 'तुझी ही परत घे' म्हणून व्हायोलाच्या मागे अंगठी पाठवते. हिने तर काहीच दिलेलं नसतं. व्हायोला एकटी उरते आणि 'या बाईच्या मनात आहे तरी काय?' याचा अर्थ लावू लागते. काळोख्या नाट्यगृहात हे स्वगत असतं. बागेत, लख्ख उजेडात, समोरचे चेहरे दिसत असताना मी तो प्रश्न पुढे बसलेल्या एका आजींना विचारला. त्या म्हणाल्या, 'तुझ्यावर भाळलीये ती!' पुढच्या ओळींत व्हायोलाला नेमकं तेच उमगतं, त्यामुळे मला फक्त त्यांच्याशी बोलत राहायचं होतं. शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहातले खेळ दुपारी, सूर्यप्रकाशात व्हायचे. त्या लिखाणात समोरचा माणूस आधीच गृहीत धरलेला आहे, असं मला आता ठाम वाटतं.

माझा उच्चार बदलायला कुणी सांगितलं नाही. शब्दातलं शेवटचं व्यंजन मागच्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे, एवढाच आग्रह. उघड्यावर ते वारा घेऊन जातो.

विंगेतला

ताई, सुरेख. मी प्रकाशयोजना करतो. ऑगस्टमध्ये एडिंबरा फ्रिंजला एका छोट्या चमूबरोबर तासाभराचा 'मॅकबेथ' केला. हा महोत्सव १९४७ पासूनचा. एकाच जागेत दिवसभर एकामागून एक वेगवेगळे खेळ, त्यामुळे सामान लावणं-काढणं मिनिटांच्या हिशेबात. दिवे सगळ्यांना मिळून एकदाच टांगलेले, आपण फक्त आपले क्यू, म्हणजे कुठला दिवा कधी लागायचा त्या सूचना, भरायचे. नट स्वतः रॉयल माइल या तिथल्या रस्त्यावर वेषभूषेत उभे राहून पत्रकं वाटतात. थिएटरमध्ये 'मॅकबेथ'चं नाव अपशकुनी मानून घेत नाहीत, 'स्कॉटिश प्ले' म्हणतात. नारळ वाढवून, नटराजाला नमस्कार करून पडदा उघडणाऱ्या आपल्यासारख्यांना यात परकं काही वाटत नाही.

सुदामानगरच्या काकू

मी फक्त प्रेक्षक. २०१२ मध्ये लेकीकडे लंडनला होते. ग्लोबने तेव्हा ३७ भाषांत ३७ नाटकं बोलावली होती. अतुल कुमार यांचं हिंदी 'पिया बहरूपिया' म्हणजे हेच 'ट्वेल्फ्थ नाइट', नौटंकीच्या अंगाने, गाण्यांनी भरलेलं. अंगणात उभं राहून पाहिलं. वर छप्पर नाही आणि खेळ चालू असताना छत्री उघडायला मनाई. गुजरातीही नाटक होतं त्या महोत्सवात, मराठी नव्हतं. ते मला अजून लागतं. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणला १८८३ साली, देवलांचा 'झुंझारराव', म्हणजे 'ऑथेल्लो', १८९० चा. मुलांनो, एकदा आपल्या भाषेतला शेक्सपिअर तिकडे घेऊन जा. तिकिटासाठी पैसे साठवायला मी आत्तापासून लागते.

बारावीतला

ताई, तिकडच्या अभिनयशाळेत प्रवेशासाठी काय तयारी करू?

रामबागची

बहुतेक ठिकाणी दोन उतारे मागतात: एक शेक्सपिअर किंवा त्या काळचा, एक आधुनिक. तुझ्या वयाला शोभेल असं पात्र घे. पूर्ण नाटक वाच, नुसता उतारा नको. समोर कोण आहे आणि त्याच्याकडून काय हवंय, हे ठरवल्याशिवाय पाठ करू नकोस. मी दिवाळीपर्यंत इंदूरला आहे. सकाळी नेहरू पार्कात ये, ओळी चालत म्हणून बघू. आणि काकू, मराठीचं मी मनावर घेतलंय. 'झुंझारराव'ची प्रत कुणाकडे असेल तर कळवा.