ओल्गा दानिलोविच : पात्रता फेरीत हरून मिळालेले विजेतेपद आणि नंतरची सहा वर्षे

सुप्रिया (घोडबंदर रस्ता, ठाणे):

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, डावखुरी आहे आणि गेली सहा वर्षे टेनिस खेळते. यंदा सलग तीन स्पर्धांमध्ये ती पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरली. पुढच्या वर्षी दहावी असल्यामुळे स्पर्धा थांबवाव्यात असे घरातल्या मोठ्यांचे मत आहे. तिची आवडती खेळाडू सर्बियाची ओल्गा दानिलोविच, तीही डावखुरीच. ओल्गाने २०१८ मध्ये मॉस्कोची स्पर्धा पात्रता फेरीत हरूनही जिंकली, हे माझी मुलगी आजीला पुन्हा पुन्हा सांगत असते. हरलेली मुलगी स्पर्धा जिंकते हे नेमके कसे घडते, आणि पहिल्या विजेतेपदानंतर दुसऱ्यासाठी तिला इतकी वर्षे का लागली, हे जाणकारांनी समजावून सांगावे. मुलीला आशा दाखवायची की सावध करायचे, हे मला ठरवायचे आहे.

मिलिंद (नेरूळ):

सुप्रियाताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमात आहे. पात्रता फेऱ्या सुरू झाल्यानंतर मुख्य ड्रॉमधल्या, म्हणजे पात्रता फेऱ्यांनंतरच्या मूळ स्पर्धेतल्या, कोणी दुखापतीमुळे किंवा आजारपणामुळे माघार घेतली, तर ती रिकामी जागा पात्रतेच्या अंतिम फेरीत हरलेल्यांपैकी एकाला मिळते. अशा खेळाडूला ‘लकी लूझर’ म्हणतात. निवडीत जागतिक क्रमवारीचा विचार होतो, काही वेळा चिठ्ठीही टाकतात. मात्र हरल्यानंतर त्या यादीत स्वतः सही करावी लागते आणि बोलावणे येईल तेव्हा कोर्टवर उतरण्याच्या तयारीत थांबावे लागते. बॅग भरून घरी गेलेल्या मुलीसाठी ही जागा राखून ठेवत नाहीत.

ओल्गा त्या वेळी सतरा वर्षांची होती आणि जागतिक क्रमवारीत १८७ वी होती. उपांत्यपूर्व फेरीत तिने जर्मनीच्या यूलिया ग्योर्गेसला हरवले. ग्योर्गेस तेव्हा पहिल्या दहांत होती आणि त्याच महिन्यात विम्बल्डनची उपांत्य फेरी खेळून आली होती. अंतिम सामन्यात समोर रशियाची अनास्तासिया पोतापोवा होती, तीही सतराच वर्षांची. तो सामना ओल्गाने ७-५, ६-७, ६-४ असा जिंकला. लकी लूझर म्हणून आत येऊन डब्ल्यूटीएची (महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची) स्पर्धा जिंकणाऱ्या अगदी मोजक्या खेळाडूंपैकी ती एक, आणि २००० नंतर जन्मलेल्यांपैकी डब्ल्यूटीए विजेतेपद मिळवणारी ती पहिलीच. पुढच्याच वर्षी लिंझमध्ये पंधरा वर्षांच्या कोको गॉफने याच वाटेने येऊन विजेतेपद मिळवले.

अनघा (वाशी):

मिलिंद यांनी नियम अचूक सांगितला आहे, परंतु मॉस्कोचा आठवडा आभाळातून पडलेला नव्हता, हे मुलीला आधी सांगावे. ओल्गाने मुलींच्या दुहेरीत २०१६ मध्ये फ्रेंच ओपन, आणि २०१७ मध्ये विम्बल्डन व अमेरिकन ओपन अशी तीन विजेतेपदे मिळवली होती, तीही तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. दुहेरीत सर्व्हिसचा परतावा, नेटजवळचा खेळ आणि दडपणाखालचे गुण यांचा जो सराव होतो, तो एकेरीत चटकन हरणाऱ्या मुलीला एरवी मिळतच नाही. आपल्याकडचे पालक मात्र दुहेरीत नाव घालायचे टाळतात, कारण त्यासाठी आणखी एक दिवस थांबावे लागते. हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

शशिकांत (ठाणे पूर्व):

ही तुलना करताना घरची परिस्थिती विसरू नये. ओल्गाचे वडील प्रेद्राग दानिलोविच हे युगोस्लाव्हियाचे नावाजलेले बास्केटबॉलपटू. १९९२ मध्ये बेलग्रेडच्या पार्टिझान संघाबरोबर ते युरोपचे विजेते झाले आणि पुढे अमेरिकेत एनबीएतही खेळले. दुखापत कशी सांभाळायची आणि पराभवानंतर मुलीशी किती बोलायचे, याचा अनुभव त्या घरात आधीपासून होता. आपल्या मुली शाळा सुटल्यावर ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून सरावाला जातात आणि पावसाळ्यात उघडी कोर्टे आठवडेच्या आठवडे ओली राहतात. म्हणून ‘सतराव्या वर्षी तिने केले, तूही कर’ असे मुलीला कधीही म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिलिंद (नेरूळ):

शशिकांत यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याशीच जोडलेले आहे. मॉस्कोसारख्या स्पर्धेच्या विजेतीला तेव्हा २८० गुण मिळत, आणि क्रमवारीचा हिशेब बावन्न आठवड्यांचा असल्यामुळे ते गुण वर्षभराने गळून पडतात. एका उत्तम आठवड्याने वर आलेल्या खेळाडूला पुढचे वर्षभर तेवढेच गुण नव्याने कमवावे लागतात, तेही आता तिचा खेळ ओळखून तयारीने आलेल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर. ओल्गाचे दुसरे विजेतेपद थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, चीनमधल्या ग्वांगझू येथे आले.

त्याआधी त्याच वर्षी फ्रेंच ओपनमध्ये ती पुन्हा पात्रता फेऱ्यांमधूनच आली होती. तिसऱ्या फेरीत क्रोएशियाच्या डोना वेकिचविरुद्ध पहिला सेट तिने ०-६ असा गमावला, दुसरा ७-५ असा घेतला आणि तिसरा टायब्रेकमध्ये १०-८ असा जिंकला. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिने अमेरिकेच्या जेसिका पेगुलाला तिसऱ्या फेरीत हरवले. तुमच्या मुलीला मॉस्कोऐवजी वेकिचचा सामना दाखवा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण एकही गेम न मिळालेल्या सेटनंतर तेवीस वर्षांची मुलगी कशी खेळते, हे त्यात गेमगणिक पाहता येते.

सुप्रिया (घोडबंदर रस्ता, ठाणे):

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही तिघींनी, म्हणजे आजीनेही, त्या सामन्याची क्षणचित्रे पाहिली, आणि पहिल्या सेटनंतर आजीने स्वतःहून विचारले की ही मुलगी अजून खेळतेच कशी. दहावीच्या वर्षात स्पर्धा निम्म्यावर आणायच्या, पण बंद करायच्या नाहीत, असे आता ठरले आहे. मागच्या तीनही वेळा हरल्यावर आम्ही लकी लूझरच्या यादीची चौकशीसुद्धा न करता लगेच घरी निघालो होतो. ऐरोलीच्या एका मुलीने दुहेरीसाठी दोनदा विचारले होते आणि मीच वेळ नाही म्हणून नकार दिला होता. आज तिच्या आईला फोन केला. पुढच्या महिन्यातल्या नेरूळच्या स्पर्धेत दोघींची नावे एकत्र जातील.