जुना डेस्कटॉप फटकन बंद होतोय, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) की मदरबोर्ड? मदत हवी आहे

मंडळी, माझा जुना डेस्कटॉप हल्ली चालता चालता फटकन बंद पडतो, ना निळी स्क्रीन ना कसली एरर, कोणी प्लग उपसल्यासारखा. धूळ काढली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पार वाळली होती ती पुसून नवीन लावली, आता टेंपरेचर ६० च्या वर जात नाही तरी रोग तोच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद येते, पण तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन झालं नाही, ते तर मलाही दिसतंय की! मेमटेस्ट चालवली, रॅम ठीक आहे. नुसतं टायपिंग असेल तर तासन्‌तास चालतो, व्हिडिओ रेंडर लावला की गेला, आणि मग मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्याशिवाय परत चालूच होत नाही.

म्हणून संशय एसएमपीएसवर, पण मदरबोर्डवर प्रोसेसरजवळचे एकदोन कपॅसिटरपण वरून फुगल्यासारखे वाटतात. बायोसमध्ये १२ व्होल्टची लाइन ११.७ दाखवते, म्हणजे ५ टक्क्यांच्या आत आहे, पण ते लोड नसताना. लोडवर एसएमपीएसच्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या-काळ्या वायरवर मल्टिमीटर लावून मोजलं तर खात्री होईल का? की आधी दुसरा एसएमपीएस लावून बघू? फुगलेल्या कपॅसिटरमुळे नवीन एसएमपीएसला काही होणार नाही ना?