नोकरीत आहात; पुढं पीएचडी की एमबीए? सीमाभागातले अनुभव

बारावीनंतर काय करावं हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. नोकरीत रुळल्यावर पुढं काय, हे सांगणारा सापडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी लिहा. पगारात आणि पदात काय फरक पडला तेवढं सांगा, उपदेश नको.

टिळकवाडी
इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. एम.टेक.वर असिस्टंट प्रोफेसर होता येतं, खरं असोसिएटला पीएचडी लागतेच, त्यामुळं एमबीएचा प्रश्नच नव्हता. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय इथंच, त्यामुळं कागदपत्रांसाठी बेंगळूर गाठावं लागलं नाही. नियमात किमान तीन वर्षं लिहिलीत. दिवसा तास घेऊन रात्री सिम्युलेशन चालवणाऱ्याचं तेवढ्यात भागत नाही. संस्थेची एनओसी आधी लेखी घ्या. पद मिळालं मला. पगारातला फरक अजून ‘मॅनेजमेंटपुढं’ आहे.

उद्यमबाग
बी.ई. मेकॅनिकल, फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंगला होतो. आमच्याकडं पीएचडीवाल्यासाठी कुणी जागा राखून ठेवत नाही. नोकरी न सोडता इग्नूचा (मुक्त विद्यापीठाचा) एमबीए केला. कामी आलं ते कॉस्टिंग. आधी मी रिजेक्शन नगात मोजायचो. रनर-रायझरचं, म्हणजे साच्यात रस पुरवणाऱ्या वाटांत उरणारं, लोखंड वितळवायलाही वीज जळते, गिऱ्हाईक मात्र नुसत्या कास्टिंगच्या वजनाचे पैसे देतं. हा हिशेब किलोमागं मांडून मालकांपुढं ठेवला, तेव्हापासून कोटेशन काढताना मला बोलावतात. हुद्दा मागाहून वाढला. मार्केटिंगची पुस्तकं कपाटात आहेत. गिऱ्हाईकं ठरलेली, त्यांना काय मार्केटिंग करणार!

निपाणी
पुण्यात फुल टाइम एमबीए. दोन वर्षं गेली, बाबांची एफडी गेली. परत येऊन घरची तंबाखूची वखारच बघतो. ओळखी झाल्या, हे मात्र खरं.

खानापूर
मराठीत एम.ए. जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली म्हणून पीएचडी धरली. 2023 पासून महिना 37,000 मिळतात, घरी हात पसरावा लागत नाही. ती नसती तर धाडस केलं नसतं. आपल्याकडच्या पोरांनी एक ध्यानात ठेवा: महाराष्ट्राची सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) कर्नाटकात चालत नाही, इकडची के-सेट तिकडं चालत नाही. नेट (देशपातळीवरची तशीच परीक्षा) दोन्हीकडं चालते. आणि विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर व्हायला पीएचडी सक्तीची, ही अट जुलै 2023 मध्ये गेली. आमचे शेजारी अजून जुनंच सांगत फिरतात. आधी नेट काढा, पीएचडीचं मग बघा.

शहापूर
उद्यमबागवाले दादा, इग्नूचा एमबीए दुसऱ्या कंपन्या धरतात काय?

उद्यमबाग
ताई, आमच्या मालकांनी धरला. दुसरीकडं मुलाखतीला गेलो तर डिग्रीचं कुणी विचारलं नाही, मेल्टिंगचा खर्च किती उतरवलात ते विचारलं. तुमच्या ऑफिसात बढतीच्या नियमात एमबीए लिहिलंय का ते एचआरला विचारा, मगच फी भरा.