मदत हवी आहे: सर्व्हर माझा आहे म्हणून लोकांचे खासगी निरोप उघडावेत का?

नमस्कार. यातला तांत्रिक भाग मला येतो, लिनक्स सर्व्हर सांभाळणं हीच माझी नोकरी. अडलंय ते दुसरीकडे, आणि फार वेळ हातात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी त्याला टाइप १ मधुमेह निघाला. यात शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवतं. पथ्य, व्यायाम, गोळ्या यांवर भागत नाही, इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, रोज, दिवसातून चार-पाच वेळा. १९२२ साली टोरांटोत एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं जगत नसत. आजही इन्सुलिन बंद केलं तर रक्तात किटोन साठतात आणि मूल एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतं. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

आमच्यासारख्या पालकांचा फोनवर एक गट होता. त्यात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसायचे. कुणीतरी यादी बाहेर दिली आणि आयांना पावडरी, काढे विकणारे फोन सुरू झाले. एका मुलीच्या आजाराची बातमी तिच्या गावी पोचली, आईवडिलांनी कुणालाही सांगितलेलं नसताना. पुढे लग्न कसं जमेल या धास्तीने लोक मुलींचा हा आजार किती लपवतात, ते इथे बऱ्याच जणांना माहीत असेल.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी मॅस्टोडॉनचा एक छोटा सर्व्हर उभा केला. मॅस्टोडॉन म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं समाजमाध्यम, आणि असे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशीही जोडलेले असतात. फोन नंबर लागत नाही, एक ईमेल आणि आपल्याला हवं ते नाव पुरतं. आत यायचं तर आधीच्या सदस्याने दिलेल्या आमंत्रणाच्या दुव्यानेच. आज १६३ घरं आहेत, बहुतेक नाशिक, धुळे, जळगाव आणि पुण्याकडची. खर्च आम्ही पाच जण वाटून घेतो. रात्री दोनला साखर ५५ झाली म्हणून घाबरलेल्या आईला तिथे कुणीतरी जागं सापडतं.

मागच्या आठवड्यात एका आईने रिपोर्ट केला. आमच्यातल्याच एका खात्यावरून तिला खासगी निरोप येत होते. 'माझ्या मुलाचं इन्सुलिन सुटलं, तुम्हीही हळूहळू कमी करा, औषध मी पाठवतो.' तिने दोन वेळचा डोस कमी केला होता. रात्री साखर ४८०, उलट्या, दोन दिवस दवाखाना. मूल आता बरं आहे. तिने परवानगी दिली म्हणून एवढं लिहिलं.

तिने निवडून पाठवलेले निरोप रिपोर्टसोबत मला दिसले, ते ठीकच आहे. त्या माणसाचं लॉगिन मी लगेच बंद केलं. पण त्याने आणखी कुणाकुणाला लिहिलं, ते माहीत नाही. लोक लाजेने सांगणार नाहीत. मॅस्टोडॉनचे खासगी निरोप दोन्ही टोकांना कुलूपबंद नसतात, सर्व्हरवर ते उघडेच पडलेले असतात. लिहिताना तशी सूचना दिसते, पण कोण वाचतं? डेटाबेसमध्ये एक ओळ लिहिली की त्याचे सगळे निरोप माझ्यासमोर येतील, आणि त्याला गेलेली उत्तरंही. त्या उत्तरांत बायकांनी काय काय लिहिलं असेल याची मला कल्पना आहे. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, पैशांबद्दल. याच भीतीने तर त्या फोनवरच्या गटातून इथे आल्या.

उघडू का? कुणाच्या मुलाचं इन्सुलिन या क्षणी बंद असेल तर न उघडणं हाच गुन्हा नाही का? आणि एकदा उघडलं तर पुढच्या वेळी कुठे थांबायचं?

प्रतिसाद – रानजाई
ताई, मी बालरोग विभागात सिस्टर आहे. किटोअ‍ॅसिडोसिसची, म्हणजे किटोन साठून अत्यवस्थ झालेली मुलं मी बघितली आहेत, श्वास कसा चालतो ते डोळ्यांपुढून जात नाही. वाचा. लोक रागावतील, नंतर माफी मागा.

प्रतिसाद – साकव
मी एक लहान सर्व्हर चालवतो म्हणून लिहितो. रानजाईंचं मन समजतं, पण थोडं थांबा. मॅस्टोडॉनच्या मॉडरेटर पानावर खासगी निरोप मुद्दाम दाखवत नाहीत, कुणी रिपोर्ट केला तरच तेवढे दिसतात. ती भिंत ओलांडायची असेल तर जितकी लागेल तितकीच ओलांडा. तुम्हाला मजकूर कुठे हवाय? तुम्हाला घरं हवी आहेत. डेटाबेसमध्ये निरोपाचा मजकूर एका तक्त्यात असतो आणि तो कुणाला उद्देशून होता ते दुसऱ्या तक्त्यात. खासगी निरोपांची दृश्यता, म्हणजे निरोप कुणाला दिसावा ते, ३ या आकड्याने नोंदलेली असते. त्या एका खात्याचे, दृश्यता ३ असलेले निरोप घ्या आणि फक्त उल्लेख झालेल्यांची नावं मागा. मजकुराचा रकाना मागूच नका. उत्तरांना हात लावू नका.

आणि हे एकटीने करू नका. शेजारी दुसरा सदस्य बसलेला असू दे.

प्रतिसाद – देवडी
वकिली करतो, पण हा सल्ला तुमच्या वकिलाच्या जागी धरू नका. दोन-तीन गोष्टी.

व्हॉट्सअ‍ॅप गटातल्या सदस्याने आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, दोघांचा समान हेतू दाखवावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं. तुमचं थोडं वेगळं आहे, कारण सर्व्हर तुमच्या ताब्यात आहे. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ येतं. मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर साठवणाऱ्या तुमच्यासारख्याला, संरक्षण आहे, पण नियम पाळण्याच्या अटीवर. मात्र आपणहून लोकांचे निरोप उपसून काढा, असं ते कलम सांगत नाही. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमातल्या 'प्रत्यक्ष माहिती'चा (जी मिळाल्यावर मजकूर काढावा लागतो) अर्थ न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश असा लावला. तेव्हा 'कायद्याने मला वाचावंच लागलं' ही सबब तुम्हाला मिळणार नाही. वाचलंत तर तो निर्णय तुमचा.

दुसरं, ते खातं इतक्यात सस्पेंड करू नका. याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांत काढून टाकलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं आहे.

तिसरं, मधुमेह बरा करण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्याने बंदी आहे, परिशिष्टात मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. खासगी निरोप त्यात बसतो का, यावर वाद होईल. पण त्याने पावडर पाठवली असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे पाकिटासकट जाता येईल. मुलाला दवाखान्यात न्यावं लागलंय, तेव्हा पोलिसांत जायचा विचारही त्या आईशी बोलून करा.

प्रतिसाद – साकव
सस्पेंडबद्दल अगदी बरोबर. मॅस्टोडॉन सस्पेंड केलेल्या खात्याचा मजकूर ३० दिवसांनी पुसून टाकतो. मग १८० दिवसांचं काय होणार? लॉगिन बंद करून ठेवलंत तर मजकूर जागेवर राहतो. तेच राहू द्या.

प्रतिसाद – खडूफळा
मला एक कळलं नाही. इशाराच द्यायचा तर सगळ्या १६३ घरांना द्या ना. यादी कशाला? शाळेत एका मुलाच्या डोक्यात उवा सापडल्या तर आम्ही वर्गातल्या सगळ्यांच्या वह्यांत चिठ्ठी लावतो, कुणाचं डोकं तपासत बसत नाही.

धागाकर्ती
खडूफळा, तुम्ही लिहिलंत आणि मी उठून तेच केलं. हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे. डेटाबेसशीच रोज काम, म्हणून उत्तरही तिथेच शोधत होते. सर्व्हरवर घोषणा लावली, पण ती सगळ्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला ईमेलही पाठवलं. त्या माणसाचं नाव न घेता लिहिलं: असा निरोप आला असेल तर इन्सुलिन कमी करू नका, केलं असेल तर आत्ता साखर आणि किटोन तपासा आणि डॉक्टरांना फोन करा, कुणीही तुम्हाला दोष देणार नाही. 'वाचलं' एवढं उत्तर मागितलं.

सकाळपर्यंत ९७ उत्तरं आली आहेत. बाकी ६६ घरांचं काय, हा प्रश्न उरतोच. रानजाई, तुमचं वाक्य रात्रभर डोक्यात होतं.

प्रतिसाद – रानजाई
मग आता साकव म्हणतात तसं नावांपुरतं बघा. सहासष्ट घरं शोधायला वेळ जाईल, आणि इथे वेळच नाही.

धागाकर्ती
बघितलं. दुपारी साडेबारा वाजता, आमच्या पाच जणांपैकी एक बाबा घरी आले होते, त्यांच्यासमोर. मजकूर मागितला नाही. आज्ञा काय दिली ती जशीच्या तशी घोषणेत टाकली, म्हणजे ज्याला कळतं त्याने तपासावी.

१४ नावं निघाली. त्यातली एक ती आई. आठ जणांनी सकाळीच उत्तर दिलं होतं, त्यातल्या दोघांनी आपणहून सांगितलं की पावडर मागवली, पण इन्सुलिन चालू ठेवलं. उरली पाच.

त्यांचे फोन नंबर माझ्याकडे नाहीत. आम्ही ते मागतच नाही. पण कुणाच्या आमंत्रणाने कोण आलं, ते सर्व्हरला माहीत असतं. पाचही घरांना आमंत्रण देणाऱ्या सदस्यांना मी लिहिलं: तुमच्या ओळखीचं एक घर ईमेलला उत्तर देत नाहीये, फोन करून खुशाली विचाराल का? का ते सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत चार घरं लागली. एकीने आदल्या रात्रीचा डोस चुकवला होता, ती फोनवर रडली असं कळलं. साखर ३१०, किटोन थोडे. तिच्या डॉक्टरांशी बोलणं झालं आहे.

एका कुटुंबाने सर्व्हर सोडला. त्यांनी लिहिलं, 'नावं पाहिलीत तेही आम्हाला न विचारता. उद्या आणखी काही पाहाल.' मी त्यांना समजवायला गेले नाही. त्यांचं खरं आहे, मला ते करता येतं, आणि येतं हे मी दोन वर्षांत एकदाही ठळकपणे सांगितलं नव्हतं. सगळ्यात जास्त टोचतंय ते हे.

प्रतिसाद – साकव
तुमचा बॅकअप कुठे असतो? विचारायचं कारण, २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेत कोलेक्टिव्हा नावाच्या सर्व्हरच्या एका अ‍ॅडमिनच्या घरी एफबीआयचा छापा पडला. प्रकरण वेगळंच होतं, पण डेटाबेसची एक कुलूप नसलेली, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेली प्रत त्या घरात होती, ती जप्त झाली. हजारो लोकांचे निरोप त्यात. कुणाच्याही मनात कपट नव्हतं.

धागाकर्ती
कपाटातल्या हार्ड डिस्कवर. कुलूप नव्हतं. आज घातलं, जुनी डिस्क पुसली. कोण कुठून जोडलं गेलं ते दाखवणारे आयपी पत्तेसुद्धा मॅस्टोडॉन मुळात वर्षभर ठेवतो, ती मुदत मी कमी केली.

आणखी एक. तो माणूस परवा दुसऱ्या एका मोठ्या, कुणालाही खातं देणाऱ्या सर्व्हरवरून परत आला. दोघींना लिहिलं, दोघींनी लगेच रिपोर्ट केला. मी तो रिपोर्ट तिकडच्या मॉडरेटरना पुढे पाठवला आणि एका दिवसात त्यांनी खातं काढलं. मात्र तिकडून आलेल्या निरोपांची एक प्रत तिकडेही राहते, तिथे माझा हात पोचत नाही. त्यामुळे निवडक सर्व्हरशीच संबंध ठेवायची सोय चालू करावी असं वाटतंय. नुकसान हे की दोन आया दुबईतल्या वेगळ्या सर्व्हरवरून बोलतात, त्यांच्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागेल. केलंय कुणी?

प्रतिसाद – साकव
केलंय. चालतं. आधी बाहेर गेलेलं परत येत नाही, एवढं सदस्यांना सांगा.

धागाकर्ती
नियमाचा मसुदा देते, चुका दाखवा, विशेषतः देवडी आणि खडूफळा:

'या सर्व्हरवरचे खासगी निरोप तांत्रिकदृष्ट्या चालकाला वाचता येतात. चालक ते वाचणार नाही. जिवाला धोका असेल तर निरोप कुणाला गेला एवढंच पाहिलं जाईल, मजकूर नाही, आणि तेही आळीपाळीने निवडलेल्या दुसऱ्या सदस्यासमोर. पाहिल्यापासून २४ तासांच्या आत सगळ्यांना कळवलं जाईल. जे अगदी कुणालाही कळू नये ते इथे लिहू नका.'

शेवटचं वाक्य लिहिताना वाईट वाटलं. पण ते काढणार नाही.

प्रतिसाद – खडूफळा
'चालक' म्हणजे कोण, ते लिहा. नाव नको, पण किती जण ते लिहा. आणि शेवटचं वाक्य पहिलं करा.

प्रतिसाद – देवडी
पोलिसांचा किंवा न्यायालयाचा आदेश आला तर काय, ते वाक्य राहिलं. तो अपवाद लपवू नका.

धागाकर्ती
दोन्ही केलं. चालक आता दोन आहेत, मी आणि धुळ्याच्या एक ताई. मला काही झालं तर सर्व्हर बंद पडू नये, म्हणून किल्ली त्यांच्याकडेही आहे.

पाचव्या घराचं राहिलं होतं. आमंत्रण देणाऱ्या मावशींचा फोन तिथे लागत नव्हता, म्हणून आज सकाळी त्या एसटीने जाऊन आल्या. मुलगी शाळेत गेली होती, इन्सुलिन नीट चालू आहे. आईने महिनाभर अ‍ॅप उघडलंच नव्हतं, पासवर्ड विसरल्या होत्या आणि विचारायला संकोच वाटत होता. त्यांना तो निरोप अजून दिसलेलाही नाही. नवा पासवर्ड मावशींनी तिथेच बसून करून दिला.