मदत हवी आहे: वसतिगृहातल्या लॅपटॉपचे मॅक अ‍ॅड्रेस गोळा करतोय, निम्मे चुकलेत

नमस्कार मंडळी,

मी एका वसतिगृहात लिपिक आहे. संगणकाशी संबंध टॅली आणि एक्सेलपुरता. मागच्या आठवड्यात नवा राउटर बसला आणि फर्मान निघालं, की ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस (म्हणजे वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक) नोंदवलाय त्याच लॅपटॉपला वायफाय मिळेल. मी टेबलावर वही ठेवली आणि 'आपापला अ‍ॅड्रेस लिहा' म्हटलं. ('मॅक' म्हणायचं राहिलं, ही चूक माझीच.)

वहीत काय आलंय बघा. अकरा जणांनी १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा लिहिलाय. तिघांचा हुबेहूब सारखा, १२७.०.०.१. एकाने ओळीने बारा शून्यं काढलीत. मला वाटलं पोरगं टिंगल करतंय, तर त्याने स्क्रीनच दाखवली, खरंच तसं होतं! त्याच्याकडे विंडोजऐवजी उबुंटू आहे म्हणे. आणि काहींचं सगळं बरोबर दिसतंय तरी वायफाय लागत नाही. रोज रात्री नऊला दारावर टकटक.

विंडोज, उबुंटू, मॅकबुक, प्रत्येकात नक्की कुठे बघायचं? व्हिडिओ बघून डोकं उठलंय.

खटपट्या:
काका, १९२.१६८ वाला आयपी अ‍ॅड्रेस, नेटवर्कवरचा तात्पुरता पत्ता. तो राउटर देतो, उद्या बदलूही शकतो. १२७.०.०.१ म्हणजे 'मी स्वतः', जगातल्या प्रत्येक यंत्राचा तोच. तुम्हाला हवाय तो कारखान्यातून कार्डावर आलेला: सहा जोड्या, त्यात ० ते ९ आणि ए ते एफ.

विंडोजवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून एंटर. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, एक स्पेस, स्लॅश, ऑल. लांबलचक यादी येईल. त्यात 'वायरलेस लॅन अ‍ॅडॅप्टर वाय-फाय' शोधा आणि त्याखालचा 'फिजिकल अ‍ॅड्रेस' घ्या. पोरं बहुधा वरच 'इथरनेट' दिसतं तिथला उचलतात, तो केबलच्या खाचेचा. 'लागत नाही'वाले निम्मे यातलेच निघतील.

टर्मिनलवेडा:
शून्यंवाल्याला माफ करा, बिचारा खरं बोलतोय. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) आयपी, स्पेस, ए दिलं की पहिला 'एलओ' येतो, म्हणजे यंत्राचा स्वतःशीच संवाद, त्याला शून्यंच असतात. खाली 'डब्ल्यूएल'ने सुरू होणारं नाव बघा आणि तिथला 'लिंक/ईथर'च्या पुढचा पत्ता घ्या. आयएफकॉन्फिग या जुन्या कमांडच्या नादी लागू नका, नव्या उबुंटूत ते आयतं नसतं. आणि विंडोज मधे आडव्या रेघा देतं, उबुंटू दोन टिंबं, पत्ता तोच.

सफरचंदी:
मॅकबुकवर ऑप्शन बटण दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, पत्ता समोर. पण थांबा! मॅकओएसच्या सेक्वोया आवृत्तीपासून मॅकबुक वायफायला खोटा पत्ता सांगू शकतो, 'प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस' म्हणतात त्याला. सिस्टिम सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन तो 'ऑफ' करायला सांगा. विंडोजमध्येही 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' असतं. फोन नोंदवायचे झाले तर अजून गंमत, आयफोन २०२० च्या आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइड १० पासून आपणहूनच हे करतात.

वहीतच ओळखायची युक्ती देते: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुतेक असा बनावट पत्ता.

धागाकर्ता:
मंडळी, आत्ताच वही घेऊन बसलो होतो. दुसऱ्या जागी २, ६, ए, ई असलेले चार निघाले, आणि चौघेही रात्री टकटक करणारे! दोघांचा बनावट पत्ता बंद करून घेतला, वायफाय लागलं. इथरनेटवाले पाच सापडले. १२७वाल्या तिघांना उद्या सकाळी नाश्त्याला पकडतो. शून्यंवाला मात्र आज गावी गेलाय, लॅपटॉप घेऊन.